धागा जाड आलाय

ज्या घराची ही हकिगत आहे, ते घर मापाला फार पक्कं. मास्तरांनी गिऱ्हाइकाच्या खांद्याला टेप लावली की अर्ध्या बोटाचा फरकही त्यांना खपत नसे. एखाद्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे हे त्याच्या आईला ठाऊक नसलं तरी मास्तरांना ठाऊक असे, आणि ते चारचौघांत मोठ्याने सांगतही. अशा बारीक नजरेच्या माणसाला स्वतःच्या मुलीचं अधू दिसणं कळलं नाही, असं म्हणणं म्हणजे त्यांच्यावर उगाच उपकार करणं. त्यांना कळलं होतं. पाच वर्षांपूर्वीच कळलं होतं. त्यांनी ते घडी घालून कपाटात ठेवून दिलं होतं, इतकंच.

पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. दुकानात दोन पायमशीन, कापायचं लांब टेबल आणि खिडकीशी आत्याची खुर्ची. आत्या म्हणजे मास्तरांची थोरली बहीण, पण सगळी गल्ली तिला आत्याच म्हणे. दुकान उघडण्याआधी वीस सुया ओवून उशीत खोचायच्या आणि दोन्ही मशीन ओवून ठेवायची, हे तिचं रोजचं काम. रीळ खुंटीवर बसवायचं, धागा चकत्यांमधून घ्यायचा, वर-खाली होणाऱ्या दांड्याच्या भोकातून खाली आणायचा आणि सुईच्या नेढ्यात डावीकडून उजवीकडे घालायचा. उजवीकडून घातला तर दोन टाके पडतात, तिसरा सुटतो आणि धागा तुटतो. हातसुईचं तिचं शास्त्र वेगळं होतं. धागा दाताने तोडायचा नाही, कात्रीने तिरका कापायचा. ओलं करायचं तर धाग्याला नाही, नेढ्याला. आणि नेढ्यामागे पांढरा कागद धरायचा.

मास्तर चहा घेऊन येऊन बसत ते ओवलेल्या मशीनवर. मध्येच धागा तुटला की मान वर न करता म्हणत, "ताई, धागा." आत्या उठे, ओवून देई. "पन्नाशी उलटली, पण अजून काच लागली नाही डोळ्याला," असं ते गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगत. लागेल कशी? सुईच्या नेढ्याशी त्यांची शेवटची गाठ पडून वीस वर्षं झाली होती.

आत्याला मात्र काच होती, आणि त्या काचेची एक गोष्ट होती. एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न झालं तेव्हा तिला जवळचं नीट दिसत नव्हतं. ते लपवून ठेवलं होतं. सासरी महिनाभरात उघड झालं. नवरा म्हणाला, फसवलं. सासू म्हणाली, आंधळी गळ्यात मारली. आणि कंबरेला सैल झालेली पॅंट दुकानात परत आणून टाकावी, तशी तिला माहेरी आणून सोडली. ती परत आल्यावर चौथ्या दिवशी तिच्या वडिलांनी तिला चष्मा करून दिला. आता कुणापासून लपवायचं उरलं नव्हतं ना. त्या चष्म्याने तिला आयुष्यात पहिल्यांदा सुईचं नेढं स्वच्छ दिसलं, आणि ते पाहून ती खूप रडली.

या प्रकारातून शहाण्या घराने धडा घेतला असता की मुलीला वेळेवर चष्मा करावा. या घराने धडा घेतला तो असा की पुढच्या वेळी जास्त चांगलं लपवावं.

पुढची वेळ म्हणजे बारकी, मास्तरांची एकुलती मुलगी. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून बारकी. आता बापाच्या डोक्याच्या वर गेली तरी नाव तेच राहिलं. तिला समोरच्या गच्चीवरचं कबुतर दिसे, हातातली सुई दिसत नसे. शाळेतल्या बाईंनी चिठ्ठी पाठवली होती की मुलीचे डोळे तपासून घ्यावेत. कागद जाड आणि कोरा-करकरीत होता. मास्तरांनी त्याचा कॉलरचा नमुना कापला. आजही तो खिळ्याला टांगलेला आहे, आणि उलट्या बाजूला "डोळे तपा" एवढं वाचता येतं.

घरात त्या विषयावर बोलायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं, पण कुणी बोलत नसे. बारकीला सुई ओवता आली नाही की आई म्हणे, "धागा जाड आलाय हल्ली." मास्तरही तेच म्हणत. रीळवाल्याला बोलावून दोनदा झापलंही होतं. हा रीळवाला शहरभरच्या शिवणाऱ्यांना धागे, सुया, बटणं पुरवत हिंडे. तो बिचारा हात जोडून सांगे की मास्तर, दहा वर्षं त्याच नंबरचा धागा आणतोय. कोण ऐकतो?

बारकी डोळ्यांनी नाही, नखाने ओवायला शिकली. सुईचं नेढं नखाच्या टोकाने चाचपायचं, धागा नखावरून सरकवायचा, जिभेने टोक शोधायचं. दहा वेळा चुकून अकराव्यांदा जमे. मशीनचंही तसंच. आणि गेल्याच आठवड्यात मशीनची सुई बोटाने चाचपताना तिचा पाय खालच्या पायपट्टीवर पडला आणि सुई तर्जनीच्या नखातून आरपार गेली. आत्याने चाक हाताने उलटं फिरवून बोट सोडवलं. मास्तर म्हणाले, कुणी विचारलं तर भाजी चिरताना लागलं म्हणायचं.

कारण कोण विचारणार होतं, ते ठरलेलं होतं. रीळवाल्याने स्थळ आणलं होतं. शहरातलं मोठं दुकान, वर पाटी, आत सहा मशीन. मुलगा हिशेब पाहतो, स्वभावाने गरीब. त्या घरात थोरली सून होतीच, आता धाकटी हवी होती. अट एकच. मुलीची नजर तीक्ष्ण हवी.

"त्यांच्याकडे सगळ्या कारागिरांच्या सुया सुना ओवून देतात," रीळवाला म्हणाला. "कारागिराचा वेळ मोलाचा. म्हणून मुलगी बघताना सुई ओवून घेतात. बाकी काही विचारत नाहीत, मोकळी माणसं आहेत."

मोकळी माणसं! कुणी गाण्याची परीक्षा घेतं, कुणी चालून दाखवायला लावतं, तसे हे सुई ओवायला लावत. यात आपण मुलीचा काही पाणउतारा करतो आहोत असं त्यांच्या मनातही येत नसे. बैल घेताना दात बघणाऱ्यालाही बैलाबद्दल आकस नसतो.

मास्तरांनी मग एक शक्कल काढली. रीळवाल्याकडे एक खास सुई मिळे, तिच्या माथ्यावर फट असते. धागा वरून दाबला की टचकन आत बसतो, बघावं लागत नाही. म्हाताऱ्या माणसांसाठी असते ती. अशा तीन सुया उशीच्या उजव्या कोपऱ्यात खोचून ठेवल्या आणि आठवडाभर बारकीकडून सराव करून घेतला. मास्तर समोर बसून पाहुणे होत आणि आई शेजारी बसून खोटं हसत असे.

"अगं, मान खाली घाल, पण नाक सुईला चिकटवू नकोस," आई शिकवी. "दिसतंय असं वाटलं पाहिजे."

आत्या खिडकीशी बसून हे ऐकत होती. शेवटी एक दिवस तिने भावाला सरळ विचारलं, की लग्नानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचं? मास्तर म्हणाले, दुसऱ्या दिवशीचं दुसऱ्या दिवशी. एकदा पदरात पडल्यावर कोण परत करतो?

"मला केलं होतं," आत्या म्हणाली.

मास्तरांनी मशीन जोरात चालवायला सुरुवात केली.

रविवारी दुपारी पाहुणे आले. पुढे मालकीणबाई, मागे मुलगा, त्यांच्यामागे रीळवाला आणि सगळ्यांत शेवटी हातात पिशवी घेतलेली थोरली सून. तिचं वय तिशीच्या आतलंच असावं. मुलाच्या डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा होता. मालकीणबाईंनी बसता बसता सांगून टाकलं, की वाचून वाचून लागलाय, लहानपणापासून हुशार. मास्तरांनी कौतुकाने मान डोलावली. मुलाच्या नाकावर काच असली की हुशारी आणि मुलीच्या नाकावर असली की व्यंग, हा हिशेब दोन्हीकडे इतका सारखा होता की त्यावर वाद व्हायचं कारणच नव्हतं.

चहा आला, बिस्किटं आली. बारकीच्या बोटाची पट्टी पाहून मालकीणबाईंनी विचारलंच. भाजी चिरताना, असं तिघांनी एकदम सांगितलं. मग मालकीणबाई म्हणाल्या, चला, आता तेवढं एक होऊन जाऊ दे. आईने लगबगीने उशी पुढे केली, उजवा कोपरा बारकीच्या बाजूला ठेवून.

"ती राहू द्या," मालकीणबाई म्हणाल्या. "आम्ही आमचीच सुई आणतो. आणि आमच्याच दुकानचा शर्ट. शेवटचं बटण ठेवलंय लावायचं."

आईचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं, कुणी काढून घ्यायला विसरल्यासारखं.

मालकीणबाईंनी थोरलीला सुई काढायला सांगितलं. थोरलीने पिशवीतून शर्ट काढून बारकीच्या मांडीवर ठेवला आणि सुयांचं पाकीट उघडलं. बारकी तिच्या हाताकडे पाहत राहिली. थोरलीने पाकिटात पाहिलं नाही. तिने नखाचं टोक सुयांवरून फिरवलं, एक सुई उचलली आणि तिचं नेढं कुठल्या बाजूला आहे हे नखाने चाचपून मगच ती पुढे केली. कुणाच्या लक्षातही येऊ नये इतकं ते सराईत होतं. बारकीच्या लक्षात आलं, कारण जगात हे करणारी आपण एकटीच, असं तिला आजवर वाटत होतं.

तिने सुई हातात घेतली, धागा घेतला. खोलीत सगळे तिच्या बोटांकडे बघत होते. पट्टी बांधलेल्या तर्जनीला नेढं लागेना. एकदा चुकली. दोनदा चुकली.

"धागा जरा जाड आलाय हल्ली," आई घाईने म्हणाली.

"आमच्याकडेही हीच रड आहे," मालकीणबाई म्हणाल्या आणि रीळवाल्याकडे रागाने पाहिलं. "आमची थोरलीही सारखी तेच म्हणते."

बारकीने सुई खाली ठेवली. मग ती उठली, खिडकीशी गेली आणि आत्यासमोर हात पुढे केला. आत्याने एकदा भावाकडे पाहिलं. मास्तरांनी डोळ्यांनीच नको म्हटलं. आत्याने चष्मा काढून मुलीच्या हातावर ठेवला.

बारकी चष्मा लावून परत जागेवर बसली. तिने धाग्याचं टोक तिरकं कापलं, शर्टाच्या पांढऱ्या कापडासमोर सुई धरली आणि पहिल्याच खेपेत ओवली. नेढं एवढं मोठं असतं हे तिला माहीत नव्हतं. तिला आत्या का रडली होती ते कळलं, पण तिला स्वतःला रडू आलं नाही. राग आला.

"म्हणजे हिला चष्मा लागतो," मालकीणबाई हळूहळू म्हणाल्या. "आणि तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत."

सगळ्यांच्या खांद्यांची मापं पाठ असलेले मास्तर आपले खांदे कुठे लपवावेत या विवंचनेत होते. रीळवाला बिस्किटाकडे बघू लागला. बारकी मात्र शर्ट उलटसुलट करून बघत होती. तिने वरची काजं पाहिली, खालची पाहिली.

"ही काजं कुणी केली?" तिने विचारलं.

"आमच्या थोरलीने. सगळी हातची आहेत," मालकीणबाई रागातही अभिमान न सोडता म्हणाल्या. "सात वर्षं करतेय."

"त्यांना दिसत नाही," बारकी म्हणाली. "मीही अशीच करते. एक टाका आत, एक बाहेर, आणि नख ठेवलं होतं तिथे फट. मला माझ्या हातचं ओळखू येतं."

मालकीणबाई म्हणाल्या की मुलीची जीभ नजरेपेक्षा तीक्ष्ण दिसते, आणि पिशवी आवरायला सांगून उठल्या. थोरली उठली नाही. बारकीने चष्मा काढला आणि तिच्यासमोर धरला. मालकीणबाई "काही गरज नाही" म्हणेपर्यंत थोरलीने तो लावलाही होता.

ती सगळ्यात आधी आपल्या बोटांकडे बघत बसली. बोटांची टोकं सुईने टोचून टोचून खरबरीत झाली होती. मग तिने शर्ट ओढून घेतला आणि आपणच केलेली काजं एकेक करून पाहिली. मग रिळाचा धागा वीतभर ओढून खिडकीच्या उजेडात धरला.

"मला वाटायचं, धागाच जाड येतो हल्ली," ती म्हणाली.

जाड चष्म्याच्या मुलाने आपला चष्मा काढून रुमालाने पुसला आणि परत लावला. त्याला तो रोज पुसायला मिळत होता. सात वर्षं एकाच घरात, एकाच टेबलावर आपल्यासमोर बसून वहिनी चाचपत असते, हे त्याला त्या जाड भिंगांतून कधी दिसलं नव्हतं. हुशार मुलगा.

"काढ तो. दुकानात चारचौघांसमोर सुनेने चष्मा लावून बसायचं म्हणजे लोक म्हणतील काय? कामच अधू म्हणतील," मालकीणबाई म्हणाल्या.

"आत्ताही अधूच आहे, आई," थोरली म्हणाली. "आता मला दिसतंय ते."

आत्याने खिडकीशी बसूनच सांगितलं, की घेऊन जा, माझं मी बघेन. थोरली चष्मा लावूनच दाराबाहेर पडली. पायरी उतरताना तिने पाय चाचपून टाकला नाही.

पाहुणे गेल्यावर घरात जे व्हायचं ते झालं. आईने कपाळ धरलं. मास्तरांनी बहिणीला बोल लावले, मुलीला बोल लावले, शाळेतल्या बाईंपर्यंत मागे जाऊन त्यांनाही बोल लावले. चांगलं स्थळ हातचं घालवलं, आता शहरभर डांगोरा पिटणार, या पोरीला कोण करणार. आपण काय करत होतो, हे एवढं सोडून त्यांनी सगळं बोलून घेतलं.

खरी गंमत सोमवारी सकाळी झाली. मास्तर चहा घेऊन येऊन बसले तर मशीन ओवलेलं नव्हतं. उशीत वीस सुया रिकाम्या उभ्या. आत्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसली होती, कारण तिच्या डोळ्यांवर काच नव्हती. बारकी टेबलाशी उभी होती.

"धागा," मास्तर म्हणाले.

"मला दिसत नाही," बारकी म्हणाली. "आत्यालाही दिसत नाही. तुम्ही ओवा."

मास्तर हसले. यात काय मोठं, असं म्हणून त्यांनी धागा घेतला. रीळ खुंटीवर बसवलं, धागा चकत्यांमधून घेतला, दांड्यातून काढला. इथवर झोकात. मग सुईपाशी वाकले. धागा सुईच्या डावीकडून गेला. उजवीकडून गेला. टोक ओलं केलं, पिळलं, चावलं, पुन्हा कापलं. मान मागे घेतली, पुढे नेली, हात लांब केला, पण हात पुरेना. पडद्याआडून आई बघत होती. कोटासाठी आलेलं गिऱ्हाईक बाकावर बसून बघत होतं. कपाळावरून घाम ओघळून मशीनवर पडला.

"धागा जाड आलाय," मास्तर म्हणाले.

नेमका तेव्हाच रीळवाला दारात येऊन उभा राहिला होता. तो निरोप घेऊन आला होता. मालकीणबाईंचं म्हणणं होतं की तुमचा चष्मा ताबडतोब परत न्या, थोरली तो काढतच नाही. रात्री उशाशी ठेवला, सकाळी उठल्याबरोबर लावला, आणि कालपासून तिने एकही काज केलेलं नाही, जुनी उसवत बसली आहे. आमची सून बिघडवलीत तुम्ही. एवढं सांगून त्याने मास्तरांच्या हातातला धागा पाहिला आणि त्याचा चेहरा बदलला.

"मास्तर, पाच-सात वर्षं दोन दुकानांनी माझ्या धाग्याला नावं ठेवली," तो म्हणाला. "दोन गिरण्या बदलल्या मी. आता कळलं कुणाचं काय जाड आहे ते."

गिऱ्हाइकाला हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात लपवलं. मास्तरांनी मुलीकडे पाहिलं. त्यांना वाटलं होतं ती खाली बघेल.

"बाबा, मला दिसत नाही, असं म्हणा," बारकी म्हणाली. "एवढंच म्हणा. मग आपण तिघंही जाऊन डोळे तपासू. तोवर मी या घरात सुई हातात धरणार नाही, आणि माझ्यासाठी कुणाला घरात बोलावू नका. यापुढे मला बघायला येणाऱ्याने माझा चष्मा आधी बघायचा."

एवढं साधं वाक्य. तीन शब्दांचं. पाच वर्षं मुलीच्या तोंडी दाबून ठेवलेलं ते वाक्य स्वतःच्या तोंडून काढायला मास्तरांना दुपार झाली. गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं. मास्तर पुन्हा पुन्हा सुईवर वाकत राहिले. शेवटी त्यांनी धागा सोडला. तो मशीनवरून लोंबकळत राहिला.

"मला दिसत नाही," ते म्हणाले, कुणाकडेही न पाहता.

मुलीने खिळ्यावरचा कॉलरचा नमुना काढला, उलटा केला आणि त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. मास्तरांना ती अक्षरं वाचता आली नाहीत. पण त्यावर काय लिहिलंय ते त्यांना आठवत होतं. मग दुकानाला कुलूप लागलं आणि तिघं जण भर दुपारी चष्म्याच्या दुकानाकडे निघाली. मधोमध बारकी, कारण त्या घरात दूरचं बघणारी तीच होती.

वाचक हो, मास्तरांना हसून झालं असेल तर आता एक काम करा. तुमच्या घरात सुई कोण ओवतं ते आठवून बघा. तिला किती दिसतं हे तुम्ही तिला शेवटचं कधी विचारलं होतं, तेही आठवा. आणि उत्तर देताना धाग्याला दोष देऊ नका.